जुन्या मोटारींच्या दुरुस्त्यांची नोंद ठेवणे बंधनकारक करावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात जुन्या मोटारींवर जो लेख आला होता, तो मी सावकाश, दोनदा वाचला. स्कूटरची केबल मोटारीला लावणारे, टायरच्या तुकड्यातून बुश कापणारे, एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चपखल बसवणारे आपल्याकडचे मिस्त्री आणि त्यांची हिकमत यांचे लेखकाने मनापासून कौतुक केले आहे. मी एकतीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक होतो. त्या काळात माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले आज अशा दुरुस्त्यांवर आपले घर चालवतात, त्यामुळे हे कौतुक वाचून मला आनंदच झाला. तरीही त्या लेखात एक गोष्ट राहून गेली आणि ती राहून जाणे धोक्याचे आहे, असे मला तीव्रतेने वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, पण विषय ब्रेकचा आणि आगीचा आहे, हे लक्षात घेऊन आपण जागा द्यावी ही विनंती.

आपल्या राज्यात जुनी मोटार म्हटले की सर्वांत आधी फियाट डोळ्यांपुढे येते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. हीच मोटार थोडेफार रूप पालटत १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला होता. परंतु खासगी मालकीच्या पद्मिनी अजूनही आहेत आणि त्यांना लागणारे कित्येक भाग कारखान्यातून येणे बंद होऊन दोन दशके उलटली आहेत. कारखाना चालू होता तेव्हाही परिस्थिती फार सुखाची नव्हती. नवी गाडी मिळण्यासाठी काही वर्षे नंबर लावून थांबावे लागत असे आणि परदेशी सुटे भाग आणण्यावर कडक निर्बंध होते. अशा काळात गाडी चालू ठेवायची तर मिळेल तो भाग बसवण्यावाचून इलाज नव्हता. त्या काळच्या मालकांना वा मिस्त्रींना मी दोष देत नाही.

मी स्वतः २०१९ मध्ये १९७८ सालची एक पद्मिनी घेतली. निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने एक गाडी पूर्ण उघडून पुन्हा उभी करायची, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका मध्यस्थामार्फत ती मिळाली. 'गाडी कंपनी कंडिशनमध्ये आहे, कुठेही हात लागलेला नाही,' असे मला सांगण्यात आले होते. रंग चकचकीत होता, इंजिन एका सेल्फमध्ये चालू होत होते आणि आरसी बुकावरचे चासी नंबर व इंजिन नंबर जुळत होते.

पुढचे दीड वर्ष मी ती गाडी सुटी करत होतो. तिच्यात जे सापडले, त्यातल्या काही गोष्टी इथे तपशिलाने सांगतो, कारण लेखातल्या कौतुकाची दुसरी बाजू त्यांतूनच कळेल.

पहिली गोष्ट कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची. मूळ सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या जागी मारुती ८०० चा कार्ब्युरेटर बसवलेला होता. फियाटवाल्यांत हा बदल पुष्कळ चालत असे, कारण मारुतीचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. परंतु दोन्हींची बसण्याची तोंडे वेगळी असल्याने मध्ये जोडपट्टी लागते. माझ्या गाडीतली जोडपट्टी ॲल्युमिनियमची, साधारण बारा मिलीमीटर जाडीची होती. तिची दोन्ही तोंडे लेथवर इतकी सपाट केली होती की काचेवर ठेवून खाली पातळ कागद सरकवून पाहिला तर तो कुठेही गेला नाही. आतली दोन्ही भोके एकमेकांत उतरत जाणारी, हाताने घासून गुळगुळीत केलेली होती, म्हणजे हवेला कुठे पायरी लागू नये. कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, पंचने ठोकलेली दोन अक्षरे होती आणि खाली '११-९४' असे महिना आणि वर्ष. ॲक्सिलरेटरला स्कूटरच्या क्लचची केबल होती, पण तीही तिच्या वाटेत कुठे घासणार नाही अशी वळवून, दोन ठिकाणी क्लिपा मारून नेलेली होती. मी ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असे काम करणारे टर्नर मी पाहिले आहेत. हे काम तिथले आहे की पुण्या-मुंबईचे हे मला सांगता येणार नाही, पण ज्याने केले त्याने पुढच्या मिस्त्रीला कळावे म्हणून तारीख घातली होती. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने असे काम करून आणले असते, तर मी ते काचेच्या कपाटात ठेवले असते.

दुसरी गोष्ट त्याच इंजिनावर, त्या पट्टीपासून वीतभर अंतरावर होती. पद्मिनीचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि फियाट इटलीची असल्याने तिचे सगळे आटे मेट्रिक मापाचे. हेडवरून पाणी बाहेर नेणाऱ्या तोंडाचा एक बोल्ट काढताना मला हाताला तो वेगळा लागला. पुसून पाहिला तेव्हा तो पाच-सोळांश इंचाचा, बारीक आट्याचा, म्हणजे अँबॅसिडर किंवा जीपच्या जातीचा निघाला. तिथे मूळचा आठ मिलीमीटरचा बोल्ट असतो. ही दोन मापे फसवी आहेत. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलीमीटर, त्यामुळे भोकात बोल्ट सहज शिरतो. त्याच्या डोक्याचे माप अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर, त्यामुळे तेरा नंबरचा पानाही जवळजवळ बसतो. पण मेट्रिक बोल्टच्या दोन आट्यांतले अंतर १.२५ मिलीमीटर असते आणि इंची बारीक आट्याच्या बोल्टचे १.०६. पहिले दोन-तीन आटे बोटाने फिरतात, मग बोल्ट अडतो आणि घाईत असलेला माणूस पाना लांब धरून जोर लावतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये स्वतःची वाट कापत जातो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मूळचे आटे भुगा होऊन बाहेर आलेले असतात. माझ्या गाडीत ती जागा पांढरट पॅकिंग सोल्युशन भरून बंद केलेली होती. पाणी थोडे थोडे झिरपून हेडच्या त्या कोपऱ्याला खड्डे पडले होते. ते भोक मोठे करून त्यात आट्याची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवून मी दुरुस्त केले, पण एका बोल्टच्या चुकीने एक दुर्मीळ हेड वाया जाण्याच्या बेतात आले होते.

थर्मोस्टॅट अर्थातच काढून टाकलेला होता. 'आपल्या हवेत त्याची गरज नाही' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये मी ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते खोडून काढले आहे. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम करतो आणि मग एका तापमानाला धरून ठेवतो. तो नसेल तर इंजिन बराच वेळ गार राहते, चोक ओढून चालवावे लागते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि लायनर व रिंगा अकाली झिजतात. नवा थर्मोस्टॅट मिळत नाही म्हणून काढला, हे समजू शकते. काढला आहे हे कुठे लिहिले असते, तर ते इंजिन नंतर चालवणाऱ्याने निदान ते सोसवेल असे चालवले असते. रेडिएटरमध्ये गळती थांबवण्यासाठी टाकलेल्या हळदीचा पिवळा गाळ होता. रस्त्यात अडकलेल्या माणसाला हळदीने घरापर्यंत पोचवले असेल, पण नंतर रेडिएटर उघडून कुणी धुतला नाही, म्हणून निम्म्या नळ्या बुजल्या होत्या.

डाव्या बाजूला ड्रायव्हरशेजारच्या पायाखालचा पत्रा गंजून गेला होता. तिथे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, रिबेटा मारून, वर डांबर फासले होते. गाडी जॅकवर घेऊन खालून खरवडले तेव्हा डब्यावरची छापील अक्षरे, निव्वळ वजनाच्या ओळीसह, स्पष्ट वाचता आली. वर गालिचा आणि त्यावर रबरी मॅट असल्यामुळे ते कधीच दिसले नसते. त्या जागी बसणाऱ्याचा पाय डब्याच्या पातळ पत्र्यावर होता.

फ्यूजच्या पेटीत आठ अँपिअरच्या सिरॅमिक फ्यूजपैकी दोनांवर तांब्याच्या वायरीच्या लडी गुंडाळल्या होत्या. एक-दोन तारा असत्या तर मी समजून घेतले असते. तिथे इतक्या तारा होत्या की गाडीतली वायरिंग जळेपर्यंत तो 'फ्यूज' उडाला नसता. डॅशबोर्डमागे हात घातल्यावर त्याचा पुरावाच मिळाला. हॉर्नची आणि हेडलाइटची वायर वितळून एकमेकींना चिकटली होती आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. म्हणजे एकदा आग लागता लागता राहिली होती, ज्याच्या हातून हे घडले त्याला ते ठाऊक होते, आणि त्याने फ्यूज तसाच ठेवला होता.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिले, तिच्याकडे येतो.

पहिल्या पावसात गाडी चालवताना ब्रेक जोरात दाबला की ती उजवीकडे ओढत असे. ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, ॲडजस्ट करून फरक पडला नाही, म्हणून चारही ड्रम उतरवले. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत. तीन ड्रम आतून चकाकत होते, जसे वापरातले ड्रम असावेत तसे. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम मात्र आतून तांबूस गंजलेला, आणि ब्रेकशूचे लायनर जवळजवळ नवे, कोपरेही न झिजलेले. व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेकशू ड्रमवर दाबणारा भाग, कोरडा होता. त्याच्याकडे येणारा पाइप सोडवला तरी ब्रेक ऑइलचा थेंबसुद्धा आला नाही. युनियन नट पूर्ण काढल्यावर पाइपच्या तोंडातून एक छर्रा घरंगळत माझ्या तळहातावर आला. सायकलच्या हबमध्ये असतो तसा, हरभऱ्यापेक्षा लहान, अजून चमकणारा पोलादी छर्रा. व्हील सिलिंडर गळत असणार, त्याची रबरे मिळाली नसणार, म्हणून कुणी तरी त्या चाकाकडची वाट छर्रा घालून, वर नट आवळून कायमची बंद केली होती. असे केले की पॅडल पुन्हा कडक लागते आणि ऑइल गळायचे थांबते. गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर धावत राहते.

रात्री घाटात सिलिंडर फुटला आणि गाव गाठायचे आहे, अशा वेळी हा उपाय एखाद्या मिस्त्रीने केला असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मी स्वतःही तेच केले असते आणि हळूहळू गाडी खाली आणली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीच्या स्टिअरिंगवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली असती की मागच्या डाव्या चाकाला ब्रेक नाही. लायनरच्या स्थितीवरून पाहता ही गाडी तशी काही हजार किलोमीटर तरी चालली होती. या काळात तिचे पुनर्नोंदणीसाठीचे पासिंग झाले होते, ती विकली गेली होती, आणि मी माझ्या पत्नीला आणि नातवाला घेऊन तिच्यातून पन्हाळ्याला जाऊन आलो होतो. पन्हाळ्याचा उतार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

संपादक महोदय, त्या एका गाडीत जोडपट्टी आणि छर्रा दोन्ही होते. पुरवणीतल्या लेखाने अशा दोन्ही कामांना हिकमत हे एकच नाव दिले आणि दोहोंना शाबासकी दिली. परका भाग बसवणे हा दोष नव्हे. मारुतीचा कार्ब्युरेटर आजही माझ्या गाडीवर आहे आणि मी तो बदलणार नाही. खेड्यापाड्यांत पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिने बसवून माणसांनी वर्षानुवर्षे शेतमाल वाहिला. क्युबात हवानाच्या रस्त्यांवर १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या रशियन इंजिनांवर आणि घरगुती भागांवर चालत राहिल्या. पण जीपमध्ये जड डिझेल इंजिन बसवले की पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि ब्रेकवर वाढीव भार येतो. तो भार येणार आहे हे पुढच्या मालकाला माहीत असेल, तर तो पाटे वाढवतो आणि ब्रेक लवकर तपासतो. माहीत नसेल, तर त्याला ते उतारावर कळते. माझा आक्षेप सगळा या न सांगण्यावर आहे.

न सांगण्याची सवय का लागली, याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेले मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक शब्दांत अधोरेखित केले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि नंबरपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. त्या नियमांतही गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. अट योग्य आहे आणि मला ती मान्य आहे. परंतु प्रत्यक्षात काय होते, तर मालकाला वाटते की काहीही लिहून ठेवले तर ते आपल्या अंगाशी येईल. म्हणून तो गप्प बसतो, मिस्त्री बिलावर 'ब्रेक काम' एवढेच लिहितो, आणि मध्यस्थ 'कंपनी कंडिशन' म्हणून गाडी पुढे ढकलतो. ब्रेकचा पाइप, फ्यूज, पायाखालचा पत्रा यांतला एकही बदल कलम ५२ च्या अर्थाने नोंदणीचे स्वरूप बदलणारा नाही, तरी तोही याच भीतीने झाकला जातो.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचे पासिंग दर पाच वर्षांनी होते. त्या वेळी अधिकाऱ्यापुढे गाडी उभी राहते, चालते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो. चाके उतरवून कुणी पाहत नाही, आणि इतक्या गाड्यांत ते शक्यही नाही. म्हणूनच माझी मागणी तपासणी कडक करण्याची नाही, ती नोंदीची आहे. दहा वर्षांपेक्षा जुन्या प्रत्येक गाडीबरोबर एक दुरुस्ती-वही असावी. ब्रेक, स्टिअरिंग, इंधन, वायरिंग आणि पत्रा या पाच बाबींवर जे जे काम होईल, ते कुठल्या तारखेला झाले, मूळ भाग गेला की परका बसला, काम कायमचे आहे की तात्पुरते, हे मिस्त्रीने स्वतःच्या सहीने लिहावे. पासिंगच्या वेळी ती वही आरसी बुकाबरोबर दाखवावी लागावी आणि विक्रीच्या वेळी ती हस्तांतरित व्हावी. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत कुठल्या गाडीत काय दोष आढळला, हे केवळ नंबर टाकून कुणालाही पाहता येते. आपल्याकडे वाहनांची नोंदणी संगणकावर आलीच आहे, तिला ही जोड देणे अवघड नसावे. तोवर निदान कागदाची वही तरी सुरू करता येईल. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

एक शंका मला माझ्याच माजी विद्यार्थ्यांनी विचारली. 'सर, लिहून दिले तर उद्या अपघात झाल्यावर आमचेच नाव पुढे येईल.' ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. माझे उत्तर असे की, 'तात्पुरते काम, पन्नास किलोमीटरच्या आत सिलिंडर बदलणे' असे ज्याने लिहून दिले आणि मालकाची सही घेतली, त्याचे संरक्षण ती ओळच करते. ज्याने काहीच लिहिले नाही, त्याच्याजवळ स्वतःच्या बाजूने दाखवायला काय उरते? परिवहन विभागाने नियम करताना प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्या कारागिराला संरक्षण मिळेल अशी तरतूद जरूर करावी. प्रशिक्षण संस्थांनीही अभ्यासक्रमात यासाठी जागा काढावी. आम्ही मुलांना पाना धरायला, आटे कापायला, रीडिंग घ्यायला शिकवले, पण केलेले काम चार ओळींत नीट लिहायला शिकवले नाही. ही उणीव माझ्याही एकतीस वर्षांची आहे.

माझ्या गाडीची वही मी सुरू केली आहे. दोनशे पानी साधी वही आहे, डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. हेलिकॉइल कुठे बसवले, वायरिंगचा कुठला लूम नवा केला, पत्रा किती जाडीचा घातला, हे सगळे तारखेनिशी तिच्यात आहे. तो छर्रा पहिल्या पानावर पारदर्शक टेपने चिकटवला आहे आणि खाली तो कुठे सापडला ते लिहिले आहे. कार्ब्युरेटरच्या पानावर मात्र एक ओळ मोकळी आहे. मूळ जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तोंड, बदलून त्यात वेगळा घातलेला आहे, पण त्यावरचा आकडा घासून गेल्याने वाचता येत नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये ती जोडपट्टी ज्यांनी केली, ते कारागीर किंवा त्यांचे कुटुंबीय हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत जेटचा तेवढा आकडा कळवावा. त्यांचे नाव आणि तो आकडा त्या ओळीत मी माझ्या हाताने लिहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त निदेशक,
कोल्हापूर